यरीहोचा तट आणि नानांची खळ

मी यरीहोच्या आत उकिडवी बसले होते आणि बाहेर इस्राएल लोकांची सहावी फेरी चालली होती.

इस्राएल लोक म्हणजे आमच्या नगरच्या मिशन कंपाउंडातली चार ते आठ वर्षांची बावीस पोरं. प्रत्येकाच्या हातात कागदाच्या शंकूचं रणशिंग. आणि यरीहो म्हणजे कागदी विटांचा गोल तट, विहिरीच्या कठड्यासारखा, माझ्या छातीएवढा उंच. त्याला एक खिडकी होती, राहाबच्या घराची. खिडकीतून लाल दोरा लोंबत होता. राहाबनं इस्राएलांच्या हेरांना लपवलं होतं, म्हणून खिडकीला लाल दोरा बांधलेलं तिचं घर तेवढं वाचणार, असा शास्त्रातला वायदा. मी त्याच खिडकीला डोळा लावून बसले होते. पोरांना मी आत आहे हे ठाऊक नव्हतं. बायबलातल्या गोष्टीप्रमाणे सात फेऱ्या आणि एक आरोळी झाली की तट देवाच्या सामर्थ्यानं पडणार होता, पण त्या सामर्थ्याला हातभार म्हणून मी खालच्या ओळीतल्या चार विटांतून सुतळी ओवून ठेवली होती. सुतळी ओढली की त्या चार विटा निसटणार आणि वरचा सगळा डोलारा कोसळणार.

"सहा झाल्या!" तबीथाबाईंचा आवाज आला. "आता सातवी. चकार शब्द काढायचा नाही कुणी. मी हात वर केला की मग ओरडायचं."

मागच्या खुर्चीत चर्चच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी अमोलिकसाहेब बसले होते. मांडीवर वही, मनगटावर घड्याळ. दहाला दहा मिनिटं कमी होती.

सातवी फेरी संपली. बाईंनी हात वर केला. बावीस रणशिंगं फुंकली गेली आणि पोरं अशी ओरडली की माझ्या कानठळ्या बसल्या. मी सुतळी ओढली.

तट हलला नाही.

मी दोन्ही हातांनी ओढली. भिंतीला पाय लावून ओढली. तेव्हा सबंध यरीहो, खिडकीसकट, एक वीत सरकलं आणि थांबलं.

"बाई, हलला! हलला!" पोरं नाचायला लागली.

हलला होता, पण पडला नव्हता. आणि तो तट पडला नाही तर तबीथाबाईंचा वर्ग पडणार होता.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. मी तेव्हा वीस वर्षांची होते. तबीथाबाई लोंढे गेली बत्तीस वर्षं रविवारच्या शब्बाथशाळेचा बालवर्ग घेत होत्या. स्वतःचं मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. कंपाउंडातल्या निम्म्या बापांना आणि सगळ्या पोरांना 'देव माझा मेंढपाळ' हे स्तोत्र त्यांनीच पाठ करायला लावलेलं. पण त्या वर्षी घरोघरी टीव्ही आले, आणि रविवारी सकाळी दहाला अशी काही मालिका लागायची की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. साडेनवाला चर्चला लागून असलेल्या खोलीत वर्ग भरायचा, आणि दहा वाजत आले की एकेकाला लघवी लागायची. ते पोर मग परत यायचं नाही. हजेरी नऊवर आली.

अमोलिकसाहेब काही दुष्ट नव्हते, टापटिपीचे होते. त्यांना त्या खोलीत मांडवाचं सामान आणि खुर्च्या ठेवायच्या होत्या. "नऊ मुलांना मोठ्यांच्या वर्गात बसवू," ते कमिटीत म्हणाले. बाईंनी फक्त सहा रविवार मागून घेतले.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "सहाव्या रविवारी मी स्वतः येऊन बसतो. वीस मुलं शेवटपर्यंत बसली, तर वर्ग राहील. दहाला पळाली, तर बाई, मग रागावू नका."

त्या संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या. कारण मी बाइंडरची मुलगी.

माझे वडील, शांतवन हिवाळे, सगळे त्यांना नाना म्हणायचे, ते छापखान्यात बाइंडिंग करायचे. शाळांची रजिस्टरं, बायबलं, चर्चची गीतपुस्तकं. नगरमध्ये दुसरे बाइंडर होते, पण नानांनी बांधलेलं पुस्तक पाण्यात पडलं तरी पान सुटायचं नाही, असं लोक म्हणायचे. मैद्याची खळ ते स्वतः शिजवायचे, कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायचे. आमच्या घरात एकच म्हण होती, आणि ती नानांनी स्वतःच तयार केलेली होती: "हिवाळ्यांच्या घरचं चिकटवलेलं सुटत नाय."

बोलायचे मात्र कमी. आई गेल्यापासून तर फारच कमी. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत नानांनी चर्चची पायरी चढली नव्हती. गीतपुस्तकं शिवून झाली की गठ्ठा पायरीवर ठेवायचे आणि तसेच मागे फिरायचे. चर्चचे पाळकसाहेब समजूत घालायला आले, तर नाना म्हणाले, "त्याचं माझं बोलणं बंद आहे." त्याचं म्हणजे कुणाचं, हे पाळकसाहेबांना विचारावं लागलं नाही.

आम्ही कागदाच्या विटा करायचं ठरवलं. छापखान्यात बिघडलेले कागद ढिगानं पडलेले असायचे. छापील बाजू आत, कोरी बाहेर, अशी घडी घालून खोकं करायचं. नियम एकच: रविवारी जो येईल त्याला एक वीट. तिच्यावर त्यानं आपलं नाव लिहायचं. विटांचा तट होणार, आणि सहाव्या रविवारी आपण तो पाडणार.

"पाडणार?" योना नावाचा एक पाच वर्षांचा मुलगा होता, त्यानं विचारलं. "खराखुरा?"

"खराखुरा," बाई म्हणाल्या.

त्यानंतर कुणाला बोलवायला जावं लागलं नाही. भिंत बांधायला माणसं मिळत नसतील, पण पाडायची म्हटली की हवी तेवढी मिळतात. नवाचे चौदा झाले, चौदाचे अठरा. राहिलेल्या विटा मी घरी करायचे. नाना खळ ढवळताना तिरक्या नजरेनं बघायचे.

"काय चाललंय, विनू?"

"यरीहो, नाना."

"असल्या घड्या? कोपरा बघ जरा. शिकवलं काय अन् करतीय काय."

नानांकडे घडी घालायची एक हाडाची पट्टी होती, त्यांच्या वडिलांपासूनची, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. तिला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. शेवटच्या शनिवारी मी ती न विचारता उचलली. दुपारभर वर्गात बसून तट रचला. चिकटवला नाही, नुसता एकावर एक रचला. फुंकर मारली तर पडेल असा. आणि मग आत्याला भेटायला भिंगारला निघून गेले. वाटेत आठवलं, पट्टी वर्गातच राहिली! आत्यानं केलेली पुरणपोळी मला गोड लागेना. आठ वाजता घरी आले तर नाना जेवून उठत होते. पट्टीचं विचारतील म्हणून मी लगेच अंथरुणात शिरले. सकाळी बघते तर पट्टी आपल्या जागी, फळीवर. मला वाटलं, मीच आणली असेल, माझाच विसरभोळेपणा. जिवात जीव आला आणि मी पळत वर्गात गेले. स्टुलावर चढून तटात उडी मारली, बाईंनी स्टूल काढून घेतलं. बाहेर पोरांचा गलका सुरू झाला, आणि मी सगळा वेळ खिडकीला डोळा लावून मुंडकी मोजत बसले. वीस झाली तेव्हा मी आतल्या आत टाळ्या वाजवल्या.

आता मी त्या तटाच्या बुडाशी चाचपडत होते. आतल्या अंगानं विटांच्या सांध्यांवरून बोट फिरवलं. आणि हाताला लागलं.

कागदाची पट्टी. बोटभर रुंद, प्रत्येक सांध्यावर. अशी घोटून बसवलेली की डोळ्यांना दिसत नव्हती, फक्त बोटांना कळत होती. कोपरे कात्रीनं तिरके कापलेले. मी नाक जवळ नेलं. खळीचा आंबूस वास.

सुतळीसकट चिकटवलं होतं.

"बाई," मी खिडकीतून कुजबुजले. "शुक् शुक्! बाई!"

बाई पोरांना गप्प करायच्या मिषानं तटाजवळ आल्या आणि पदर सावरत खिडकीपाशी वाकल्या. "काय गं?"

"पडत नाही."

"ते दिसतंय."

"नानांनी चिकटवलाय, बाई! पट्टी घ्यायला आले असतील, बघितला असेल, त्यांना वाटलं असेल मी कच्चं काम केलं... आता पार घणानं फोडला तरी पडायचा नाही. काय करायचं?"

बाईंच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. मला रडू येत होतं, आणि त्या हसत होत्या. "खाली बस," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात योनाचा आवाज आला. "बाई, आपण पापी आहोत का?"

"का रे?"

"मग तट का पडत नाय?"

अमोलिकसाहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मीही खिडकीतून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहाला तीन मिनिटं. आता एकेकाला लघवी लागणार, बत्तीस वर्षांच्या वर्गाचं वाटोळं होणार आणि ते माझ्या घरच्या खळीनं होणार.

"यरीहोचे लोक चिवट आहेत," बाई म्हणाल्या. "आपण फार लवकर थकलो. इस्राएल लोकांनी तर सात दिवस फेऱ्या मारल्या. कुणाला घरी जायचं असेल त्यानं जावं. मी आठवी फेरी मारते."

आणि साठी उलटलेल्या तबीथाबाई, गुडघ्यावर हात ठेवत, एकट्याच चालायला लागल्या.

योना मागे धावला. मग त्याची बहीण. मग सगळीच. आठवी झाली, नववी झाली. प्रत्येक फेरीनंतर आरोळी, प्रत्येक आरोळीनंतर पोरं श्वास रोखून बघायची आणि प्रत्येक वेळी यरीहो जसंच्या तसं. दहा वाजले. शेजारच्या घरांतून मालिकेचं संगीत वाजायला लागलं, चांगलं मोठ्यानं. एकाही पोरानं मान वळवली नाही. अकराव्या फेरीला योना अमोलिकसाहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"अंकल, तुम्ही पण या ना."

"मी? मी कशाला बाळा?"

"तुम्ही जाड आहात. तुमचा आवाज मोठा निघंल."

साहेबांनी वही मिटली. उठले, कोटाचं बटण लावलं आणि बाराव्या फेरीत सामील झाले. आरोळी आली तेव्हा त्यांनी दिलेला आवाज मी आजही विसरलेले नाही. वर्षानुवर्षं कमिटीत दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं असावं.

तट नाही पडला. साडेअकराला आया हाका मारत आल्या तेव्हा कुठं पोरं हलली. "पुढच्या रविवारी पाडू हं बाई!" "मी दादाला आणतो!" "तट कुणाला पाडू देऊ नका, बाई!" खोली रिकामी झाल्यावर बाईंनी आणि अमोलिकसाहेबांनी दोन बाजूंनी धरून यरीहो वर उचललं आणि मी खालून रांगत बाहेर आले. पायांना मुंग्या, केसांत कागदाचे कपटे. साहेब माझ्याकडे बघत राहिले.

"ही कोण?"

"राहाब," बाई म्हणाल्या.

नानांना मी घरी जाऊन काय काय बोलायचं ठरवलं होतं. पण दारातच ते म्हणाले, "काय, टिकला का?" त्यांच्या तोंडावर अशी उत्सुकता मी दोन वर्षांत बघितली नव्हती.

"टिकला," मी म्हणाले.

"टिकणारच. तू नुसता रचून ठेवला हुतास. पोरं धावत आली असती तर एखाद्याच्या अंगावर आला असता. दोन शिजवण्या खळ लागली."

पुढच्या रविवारी एकतीस पोरं आली. त्याच्या पुढच्या रविवारी अडतीस. सात सात करून एकोणपन्नास फेऱ्या झाल्या, घसे बसले, तट उभा. अमोलिकसाहेबांनी खुर्च्या व्हरांड्यात ठेवल्या आणि कमिटीत ठराव मागे घेतला. वर्ग वाचला होता. पण आता पंचाईत वेगळी होती. पोरांना तट पडलेला बघायचाच होता, आणि मोठ्या वर्गातली मुलं चिडवायला लागली होती, तुमच्या देवाला कागद पाडवंना म्हणून. योना एकदा रडला.

तबीथाबाई आमच्या घरी आल्या. नाना एका रजिस्टरला पाठ लावत होते.

"शांतवन, तुझं काम आता तूच सोडव."

"कुठलं काम?"

"यरीहो. तो पाडायचा होता."

नानांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"पाडायचा हुता?" ते हळूच म्हणाले. "अन् मी... च्या मारी. अगं, मला सांगायचं नाय व्हय?" त्यांचे कान लाल झाले होते. "खळ पाण्याला सुटती," शेवटी म्हणाले. "कोमट पाणी अन् फडकं. सांध्यावरनं फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं. विनू करंल."

"विनूला नाही जमायचं. तुझ्या हाताचं आहे ते."

"बाई, मी रविवारी आत येत नाय. तुम्हाला म्हाईत आहे. त्याचं माझं..."

"बोलणं बंद आहे. माहीत आहे मला. त्याच्याशी नको बोलूस. विटांशी बोल. अडतीस पोरं आहेत, शांतवन."

रविवारी सकाळी नानांनी धुतलेला सदरा घातला आणि पातेलं उचललं.

त्या दिवशी मी बाहेर होते आणि नाना आत. पोरांचं पाऊल वाजायच्या आधी त्यांना आत सोडलं, पातेलं आणि फडकं दिलं. फेऱ्या सुरू झाल्या. आतून पाण्याचा बारीक आवाज यायचा, पण पावलांच्या आवाजात तो कुणाला कळला नाही. खिडकीतून मला त्यांची बोटं दिसत होती. सांध्यावरून फिरायची, थांबायची, पुन्हा फिरायची. पाचव्या फेरीला बोटं थांबली. पोरं गाणं म्हणत होती, बाईंनी त्या दिवशी गप्प राहायचा नियम मोडून गाणं सांगितलं होतं. आई स्वयंपाक करताना म्हणायची तेच. बोटं खिडकीतल्या लाल दोऱ्याशी आली आणि तिथंच राहिली. तो दोरा नानांच्याच शिलाईच्या रिळाचा होता.

सातवी फेरी संपली. बाईंनी हात वर केला. अडतीस रणशिंगं, अडतीस गळे आणि अमोलिकसाहेब.

यरीहो पडलं! आधी खिडकी वाकली, मग बाजू फुगली, आणि मग सगळ्या ओल्या विटा धपाधप पोरांच्या पायांवर आल्या. नुसता जल्लोष. कुणी विटा उधळल्या, कुणी आपल्या नावाची वीट शोधून छातीशी धरली. आणि मधोमध, गुडघ्यापर्यंत कागदाच्या लगद्यात, एका हातात पातेलं आणि दुसऱ्या हातात ओलं फडकं घेऊन नाना उभे होते. बोटांना लाल दोरा गुंडाळलेला.

योना डोळे विस्फारून बघत होता.

"बाई," तो ओरडला, "राहाब बाबा आहे!"

मी पदर तोंडात कोंबला. नानांना कुठं बघावं कळेना.

"मग बघत काय उभे राहिलात?" तबीथाबाई म्हणाल्या. "शास्त्रात काय लिहिलंय? तट पडल्यावर राहाबचं काय करायचं?"

"बाहेर काढायचं!" अडतीस गळे.

आणि त्यांनी काढलं. कुणी सदरा धरला, कुणी बोट धरलं, योनानं पातेलं घेतलं. तेवढ्यात उपासनेची घंटा झाली, आणि पोरं नानांना तसेच, ओल्या सदऱ्यानिशी, शेजारच्या दारानं चर्चमध्ये घेऊन गेली. पायरीपाशी नाना थबकले. पण मागून अडतीस जणं ढकलत होती, तिथं कुणाचं काय चालणार! ते पहिल्या बाकावर बसले. गीतपुस्तक हातात आलं तेव्हा आधी त्यांनी त्याची शिवण तपासली, मग उघडलं.

त्यानंतर एकोणीस वर्षं नाना बालवर्गात घड्या घालायला बसायचे. नोहाचं तारू, बायबलातल्या योनाचा मासा, पाच भाकरी. कंपाउंडातल्या दोन पिढ्या त्यांना राहाबबाबा म्हणाल्या आणि ते निमूट ओ द्यायचे.

नाना गेले, त्याच वर्षी एकदा मी तबीथाबाईंकडे गेले होते. पंच्याऐंशी वर्षांच्या झाल्या होत्या, दिसत कमी होतं, पण बोटं अजून कागदाला घड्या घालत होती. वर्ग आता मी घेत होते. त्या आठवड्यासाठी आम्ही तारे करत होतो आणि बोलता बोलता यरीहोवर आलो.

"नाना त्या शनिवारी पट्टी शोधायला आले नसते, तर तट पहिल्याच दिवशी पडला असता," मी म्हणाले.

"पट्टी वर्गात राहिलीय हे त्याला कुणी सांगितलं असेल?"

मी वर बघितलं.

"मीच निरोप पाठवला," बाई म्हणाल्या. "म्हटलं, तुझी वस्तू आहे, तूच येऊन घेऊन जा. एवढ्या निमित्तानं तरी पायरी चढेल. मला वाटलं, पट्टी घेईल आणि जाईल. पण त्यानं तट बघितला, घरी जाऊन खळीचं भांडं घेऊन आला आणि मांडी घालून बसला. मी दाराआड उभी होते."

"तुम्ही बघितलं? चिकटवताना?"

"तीन तास."

"आणि थांबवलं नाहीत? बाई, दुसऱ्या दिवशी अमोलिकसाहेब येणार होते! तुमचा वर्ग..."

"माहीत होतं की मला." त्यांनी ताऱ्याची घडी नखानं दाबली. "एकदा हाक मारायला तोंड उघडलं होतं मी. पण तो गुणगुणत होता, विनू. तुझी आई म्हणायची ते. दोन वर्षांनी देवाच्या घरात बसून गुणगुणत होता."

"मग?"

"मग काय? चपला हातात घेतल्या आणि घरी गेले."